पार्टटाइम कॅशिअर : गल्ल्यावर उभं राहण्याआधी आणि राहिल्यावर

कॉलेज सांभाळून संध्याकाळी चार-पाच तास बिलिंग काउंटरवर काम करणारी मुलं-मुली आता पुण्या-नाशकातच नाही, तालुक्याच्या गावातल्या मार्टमध्येही दिसतात. काम शिकवायला बहुतेक ठिकाणी एक संध्याकाळ मिळते. शेजारी उभं राहून बघायचं आणि दुसऱ्या दिवशी काउंटर तुमच्या ताब्यात. त्या एका संध्याकाळी जे सांगायचं राहून जातं, ते इथे क्रमाने दिलं आहे. उदाहरणं मध्यम आकाराच्या किराणा मार्टची आहेत. मेडिकल, बेकरी किंवा कपड्यांचं दुकान असेल तर माल बदलेल, गल्ल्याचा हिशोब तोच.

नवीन मुलांना वेगाची फार काळजी असते. वेग महिन्याभरात हाताला आपोआप येतो. रात्री गल्ला जुळवायची आणि नाही जुळला तर कारण शोधायची सवय आपोआप येत नाही, आणि या नोकरीतून पुढे कामाला येते ती नेमकी तीच. म्हणून खाली नवव्या आणि दहाव्या टप्प्यावर जास्त जागा खर्च केली आहे.

१. काम धरण्याआधी विचारायचे प्रश्न

भरतीचा जोर गणपतीच्या आधीपासून दिवाळीपर्यंत असतो. त्या काळात थेट दुकानात जाऊन मॅनेजरला विचारलेलं सगळ्यात बरं. सकाळी अकरा ते एकच्या दरम्यान गेलात तर तो बोलायला मोकळा सापडेल. संध्याकाळी सात वाजता जाऊ नका.

पगार किती हा प्रश्न सगळेच विचारतात. त्याबरोबर हेही विचारा:

- पगार तासावर की महिन्यावर? साप्ताहिक सुट्टी पगारी का?
- शिफ्ट साडेनऊला संपते म्हणजे शटर साडेनऊला पडतं, की हिशोब देऊन साडेनऊला बाहेर पडता येतं? या दोन्हींत अर्धा-पाऊण तासाचा फरक असतो आणि शेवटची बस त्याच वेळात जाते.
- गल्ल्यात पैसे कमी भरले तर काय करतात?
- परीक्षेच्या काळात रजा किंवा शिफ्टची अदलाबदल मिळते का? हिवाळी सत्राच्या परीक्षा आणि दिवाळीची गर्दी एकमेकींना खेटून येतात, तेव्हा हे आधीच बोलून ठेवा.
- पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापतात का? साधारणपणे २० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला पीएफ लागू होतो, १० किंवा जास्त असतील तर ईएसआयसी. अर्धवेळ आहात म्हणून तुम्ही त्यातून आपोआप सुटत नाही. ईएसआयसीत कामगाराचा वाटा पगाराच्या ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के असतो.

सापळा एकच, पण जुना. नोंदणी फी, ट्रेनिंग फी, युनिफॉर्मची भली मोठी अनामत किंवा मूळ मार्कशीट जमा करायला सांगितली, तर तिथून उठा. झेरॉक्स द्यायची, मूळ कागद दाखवून परत घ्यायचा.

२. सोबत न्यायची कागदपत्रं आणि सामान

आधार आणि पॅनची झेरॉक्स, बँक पासबुकाचं पहिलं पान, शेवटच्या परीक्षेची मार्कशीट, कॉलेजचं ओळखपत्र, पासपोर्ट साइझ फोटो. आधी कुठे काम केलं असेल आणि पीएफ कापला असेल तर यूएएन, म्हणजे पीएफचा तुमचा स्वतःचा क्रमांक. तो आयुष्यभर एकच राहतो, नवा काढून घेऊ नका. काही दुकानं पोलीस व्हेरिफिकेशन मागतात. त्याला वेळ लागतो, अर्ज लगेच भरून टाका.

सामानात सपाट टाचेचे, आत नरम असलेले बूट, पाण्याची बाटली आणि एक खिशात मावणारी वही. चप्पल घालून पाच तास उभं राहिलात की कंबर दुसऱ्या दिवशी सांगते.

३. नोटा हातांना ओळखता आल्या पाहिजेत

काउंटरवर जाण्याआधी घरी नोटा टेबलावर मांडून बसा. चलनातल्या महात्मा गांधी नव्या मालिकेच्या नोटांची लांबी वेगवेगळी आहे: १० ची १२३ मिलिमीटर, २० ची १२९, ५० ची १३५, १०० ची १४२, २०० ची १४६ आणि ५०० ची १५०. यात घोटाळा होतो तो दोन जोड्यांत. २० ची हिरवट पिवळी आणि २०० ची गडद पिवळी, आणि दिव्याच्या उजेडात ५० ची निळी आणि १०० ची जांभळट. घडी घातलेल्या अवस्थेत तर हमखास. त्यामुळे घडीची नोट पूर्ण उलगडल्याशिवाय ड्रॉवरमध्ये टाकायची नाही. जुन्या मालिकेच्या नोटाही चालू आहेत आणि जुनी शंभरची नोट नव्या पाचशेहून लांब आहे, म्हणून नुसत्या आकारावर विसंबू नका.

पाचशेची नोट तपासायला तीन सेकंद पुरतात. नोट तिरकी केली की सुरक्षा धाग्याचा रंग हिरव्याचा निळा होतो, धाग्यावर ‘भारत’ लिहिलेलं असतं. खाली उजवीकडचा ५०० हा आकडाही तसाच रंग बदलतो. दोन्ही कडांना बोट फिरवलं तर पाच उठावदार रेघा लागतात. दोनशेच्या नोटेवर चार रेघा आणि मधे दोन वर्तुळं, शंभरच्या नोटेवर चार रेघा. नोट उजेडासमोर धरली की गांधीजींचं जलचिन्ह आणि आकडा दिसतो. ओली, तेलकट झालेली नोट बोटांना वेगळी लागते, म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नका, निदान दोन बघा.

नोट संशयास्पद वाटली तर ती हातात असतानाच बोला: “काका, ही राहू द्या, दुसरी असेल तर बघा ना.” आवाज चढवायचा नाही, रांगेला ऐकू जाईल असं ‘नकली’ म्हणायचं नाही. समोरच्यालाही ती कुठून तरी आलेलीच असते. एकदा ड्रॉवरमध्ये गेली की ती तुमची. बँक अशी नोट जप्त करून पावती देते, पैसे देत नाही. आणि नकली आहे हे कळूनही ती पुढच्या गिऱ्हाइकाला खपवणं हा गुन्हा आहे, मग सुपरवायझर काहीही सुचवो.

उगाच वादात सापडणारी नाणी-नोटा:

- दहा रुपयांची नाणी. त्यांचे १४ प्रकार चलनात असल्याचं रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच जाहीर केलं आहे. रुपयाचं चिन्ह असलेली आणि नसलेली, दोन्ही चालतात. वीस रुपयांचं बारा कोनी नाणंही चालतं.
- क्रमांकात तारा छापलेली नोट खरीच असते. छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी ती घातलेली असते.
- दोन हजाराची नोट मे २०२३ मध्ये चलनातून मागे घेतली. ती अजून कायदेशीर आहे, पण बदलून घ्यायला रिझर्व्ह बँकेच्या ठरावीक कार्यालयांत जावं लागतं किंवा पोस्टाने पाठवावी लागते. दुकानाचं धोरण पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

४. शिफ्टची सुरुवात : ओपनिंग कॅश मोजून घ्या

दुकानात शिरताना खिशातले स्वतःचे पैसे रजिस्टरला लिहा किंवा लॉकरमध्ये ठेवा. ही सक्ती नसेल तरीही करा. गल्ल्यात कमी भरलं आणि तुमच्या खिशात पाचशेची नोट निघाली, तर ती घरून आणली होती हे सिद्ध करत बसावं लागतं.

मग ओपनिंग कॅश, म्हणजे मोड देण्यासाठी शिफ्टच्या सुरुवातीला मिळणारी रोख. तीन हजारांची साधारण मांडणी अशी: शंभरच्या १० नोटा, पन्नासच्या १०, वीसच्या २५, दहाच्या ६०, पाचची ४० नाणी, दोनची ५० आणि एकची १००. “मोजलेलेच आहेत, सही कर” असं म्हणून पाऊच हातात ठेवला जातो. सही करण्याआधी देणाऱ्याच्या समोर मोजा. त्याला राग आला तर येऊ द्या, दोन दिवसांत सवय होते.

ड्रॉवरमध्ये नोटांचे कप्पे रोज त्याच क्रमाने ठेवायचे, सगळ्या नोटा एकाच तोंडाने. वीस आणि दोनशेचे कप्पे शेजारी-शेजारी नकोत.

लॉगिन स्वतःचंच वापरा. “दोन मिनिटं तुझ्या आयडीवर बिल मारतो” म्हणणाऱ्या मित्राला नाही म्हणायला शिका. त्या दोन मिनिटांचा हिशोब तुमच्या नावावर निघतो.

५. बिल करताना माल कुठे चुकतो

स्कॅनर बीप वाजला म्हणजे बिल बरोबर झालं असं नाही. नजर वस्तूवर नव्हे, स्क्रीनवर हवी. नाव आणि किंमत दोन्ही वाचायची.

एकाच बारकोडवर दोन एमआरपी असणं रोजचं आहे, जुना स्टॉक आणि नवा. सॉफ्टवेअर विचारतं कोणती घेऊ, आणि घाईत पहिलीवर एंटर मारला जातो. पाकिटावर छापलेली निवडा. छापील एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, त्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही, थंड केलेल्या बाटलीवरही नाही.

बिस्किटाचे बारा पुडे असतील तर एक स्कॅन करून १२ नग टाकणं सोयीचं, पण बाराही एकाच चवीचे असले तरच. किंमत सारखी, चव वेगळी असेल तर कोडही वेगळा असतो. बिलाची रक्कम बरोबर येते आणि स्टॉक बिघडतो. महिनाअखेरीला मोजदाद करणारा माणूस तुमचं नाव घेतो.

सुट्ट्या मालात इंद्रायणी आणि कोलम, हरभरा डाळ आणि तूर डाळ, मेथी आणि शेपू यांचे कोड अदलाबदल होतात. वजनकाट्यावरच्या लेबलचा कोड बहुधा २ ने सुरू होतो आणि त्यातच वजन किंवा किंमत भरलेली असते. लेबल जुनं, दुसऱ्या पिशवीवरचं काढून चिकटवलेलं नाही ना, हे पिशवी हातात तोलून कळतं. दोन किलो साखर आणि लेबलवर ७०० ग्रॅम, हे हाताला लगेच समजतं.

कोड स्कॅन होत नसेल तर खालचे १३ आकडे हाताने टाका. भारतात नोंदलेले कोड बहुतेक ८९० ने सुरू होतात. शेवटचा आकडा पडताळणीचा असतो, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर यंत्र सहसा कोड नाकारतं. “नाही घेत” म्हणून तेवढ्याच किमतीची दुसरी वस्तू बिलात मारू नका. ही युक्ती जुने कॅशिअर शिकवतात, ती शिकू नका.

ट्रॉलीचा तळ बघायचा, तिथे दहा किलोची कणीक असते. बादली, कुकर, डबा उघडून बघायचा. “मावशी, जरा बघतो हं, झाकण नीट बसतंय ना” असं म्हटलं की कुणाचा अपमान होत नाही.

जीएसटी नंबर टाकून बिल हवं असेल तर बिल बंद करण्याआधी विचारा. तो १५ अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०, पुढचे दहा पॅनचे. एवढं माहीत असलं तरी अर्ध्या चुका तिथल्या तिथे पकडता येतात.

६. रोख घेणं आणि मोड देणं

क्रम ठरलेला असू द्या. रक्कम मोठ्याने सांगा. नोट घेताना नोट सांगा: “पाचशे घेतले.” रक्कम सॉफ्टवेअरमध्ये टाका. मोड काढा, मोजून हातात द्या. आणि मगच पाचशेची नोट ड्रॉवरच्या कप्प्यात टाका. तोवर ती ड्रॉवरच्या वर, समोरच्याला दिसेल अशी ठेवायची. “मी पाचशे दिले होते, शंभर नाही” हा वाद या एका सवयीने संपतो.

मोड देताना वजाबाकी करण्यापेक्षा वर चढत जा. बिल ३६७, दिले ५००. तीन दिले की ३७०, तीस दिले की ४००, शंभर दिले की ५००. यंत्र १३३ दाखवतंच, पण या पद्धतीत यंत्राची आणि तुमची दोघांची तपासणी होते.

गिऱ्हाईक हुशारीने ५१७ देईल, म्हणजे त्याला दीडशे सरळ हवेत. गोंधळून जाऊ नका, जेवढे हातात आले तेवढा आकडा टाका. मात्र पाचशेवर एंटर मारल्यानंतर त्याने वरचे सतरा काढले, तर ड्रॉवर तसाच उघडा ठेवून कागदावर हिशोब करा. डोक्यात करू नका, मागे आठ जण उभे असताना डोकं धोका देतं.

सुट्टे नाहीत म्हणून चॉकलेट हातावर ठेवणं ही वाईट खोड आहे. गिऱ्हाइकाने नको म्हटलं तर तुमच्याकडे उत्तर नसतं. सुट्टे निम्म्यावर आले की सुपरवायझरला कळवा, संपल्यावर नाही.

गल्ल्यात दहा हजारांच्या वर रोख साठू देऊ नका. पाचशेच्या नोटा वेगळ्या करून पिकअप द्या, म्हणजे जास्तीची रोख शिफ्ट चालू असतानाच सुपरवायझरकडे जमा करा, चिठ्ठीवर वेळ, रक्कम आणि दोघांच्या सह्या. चिठ्ठीशिवाय एक नोटही ड्रॉवरमधून बाहेर जाता कामा नये, मालकाने मागितली तरी. मालकाने चहाला घेतलेले शंभर रुपये रात्री कुणालाच आठवत नाहीत.

७. यूपीआय आणि कार्ड

गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरची हिरवी खूण म्हणजे पैसे आले असं नाही. तसा पडदा दाखवणारी बनावट ॲप आहेत. तुमच्या साउंडबॉक्सने रक्कम बोलली पाहिजे किंवा दुकानाच्या ॲपमध्ये नोंद दिसली पाहिजे. दोन-तीन काउंटरना एकच क्यूआर असेल तर आणखी गोची. शेजारच्या काउंटरचे २४० तुमच्या बॉक्सवर बोलतात आणि तुमच्या समोरचा माणूस निघून जातो. अशा वेळी १२ आकडी यूटीआर (त्या व्यवहाराच्या) क्रमांकाचे शेवटचे चार आकडे जुळवा. बिलिंग मशीनवरच रकमेसह क्यूआर उमटत असेल तर नेहमी तोच वापरा.

“पैसे कटले पण आले नाहीत” असं झालं तर बिल होल्डला टाका, पुढचं गिऱ्हाईक घ्या. अडकलेले पैसे त्यांच्या बँकेकडून परत जातात. गल्ल्यातून रोख परत देऊ नका. दोनदा पेमेंट झालं तरी परतावा ऑफिसमधून, ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने. दुकान उघडताना क्यूआरचं स्टिकर नखाने खरवडून बघा, वरून दुसरं चिकटवलेलं सापडण्याच्या घटना खऱ्या आहेत.

कार्ड टेकवून पिनशिवाय ५,००० रुपयांपर्यंत पेमेंट होतं. पिन लागला तर मशीन त्यांच्याकडे फिरवा आणि स्वतः दुसरीकडे बघा. एखाद्या आजोबांनी पिन तोंडी सांगायला सुरुवात केली तर थांबवा. छापील स्लिप आली म्हणजे पैसे आले असं नाही, नाकारलेल्या व्यवहाराचीही स्लिप निघते. वाचायची.

८. ठरवून गोंधळ घालणारे

यांची पद्धत एकच असते, व्यवहार अर्धवट असताना दुसरा सुरू करायचा. “पाचशेची मोड द्या… नको, हे शंभर घ्या… बरं ते दोनशे परत द्या.” उपाय म्हणजे ड्रॉवर बंद करून “एक-एक करू या दादा” म्हणायचं आणि सुरू असलेला व्यवहार पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या नोटेला हात लावायचा नाही.

दुसरा प्रकार फोनवरचा. “हेड ऑफिसमधून बोलतोय, ओटीपी सांग, रिचार्ज मार, गिफ्ट कार्डचा नंबर वाच.” फोन ठेवा, सुपरवायझरला सांगा. हे फोन नेमके गर्दीच्या वेळी येतात.

९. शटर पडल्यावर : गल्ला जुळवणं

सूत्र सोपं आहे. ओपनिंग कॅश, अधिक रोख विक्री, वजा रोख परतावे, वजा पिकअप, वजा चिठ्ठीवर दिलेला खर्च. जे उरेल तेवढं ड्रॉवरमध्ये असायला हवं.

समजा ओपनिंग ३,०००, रोख विक्री २८,४६०, परतावा २४०, पिकअप २०,०००. म्हणजे असायला हवेत ११,२२०.

सिस्टिममधला आकडा बघण्याआधी मोजा. आकडा माहीत असला की मोजताना मन तिकडे ओढतं आणि हात नोटा त्या आकड्याला पोचेपर्यंतच मोजतो. नोटांचा तक्ता कागदावर भरा:

५०० × १२ = ६,०००
२०० × ९ = १,८००
१०० × १८ = १,८००
५० × १२ = ६००
२० × १८ = ३६०
१० × ३१ = ३१०
नाणी = १७०

एकूण ११,०४०. म्हणजे १८० रुपये शॉर्ट, कमी.

नोटांना स्टेपल मारू नका, रबर किंवा कागदी पट्टी लावा. शंभर नोटांची गड्डी झाली की एकदा तुम्ही, एकदा दुसऱ्याने मोजायची.

१०. फरक आला तर आकड्यालाच विचारा

घाबरून पुन्हा सगळं मोजत सुटण्याआधी फरकाचा आकडा नीट बघा. बहुतेक वेळा तोच कारण सांगतो.

- १८० : वीसच्या जागी दोनशे दिले, किंवा वीसची नोट दोनशे समजून घेतली. वरच्या उदाहरणात पहिला संशय हाच. आधी वीसचा आणि दोनशेचा कप्पा चाळा. चुकीची नोट चुकीच्या कप्प्यात पडलेली असेल तर प्रश्न तिथेच मिटतो.
- ५० : पन्नास आणि शंभर यांची गल्लत.
- ३०० किंवा ४०० : पाचशेच्या बदल्यात दोनशे, किंवा पाचशेच्या बदल्यात शंभर.
- ९ ने भाग जाणारा फरक : आकड्यांची उलटापालट. ५४० चे ४५० लिहिले तर ९० चा फरक पडतो, ७२ चे २७ लिहिले तर ४५ चा. पिकअपच्या चिठ्ठ्या आणि नोटांचा तक्ता तपासा. हा जमाखर्च लिहिणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे. मात्र १८० आणि ९० हे नोटांच्या गल्लतीतूनही येतात, त्यामुळे आधी कप्पे, मग कागद.
- एखाद्या बिलाएवढाच फरक : पेमेंट यूपीआयने आलं आणि बिल रोखीत मारलं. रोख शॉर्ट आणि यूपीआय तेवढंच जास्त. म्हणून रोख, यूपीआय आणि कार्ड ही तिन्ही जुळवल्याशिवाय शॉर्ट म्हणायचं नाही.
- पिकअपएवढा फरक : चिठ्ठी आहे, सिस्टिममध्ये नोंद नाही.
- दोन-पाच-सात रुपये : सुट्ट्यांची ओढाताण. लिहून ठेवा आणि घरी जा.

पैसे जास्त भरले तर खूश होऊ नका. जास्त भरणं म्हणजे कुणाला तरी मोड कमी गेली. जास्तीचे बाजूला ठेवून उद्याच्या शॉर्टमध्ये घालायचे, असं काही काउंटरवर चालतं. यात दोन चुका दडतात आणि एकही सापडत नाही. शिवाय ते बाजूला ठेवलेले पैसे कॅमेऱ्यात दिसतात, त्यामागचा हेतू दिसत नाही. जेवढे आहेत तेवढे लिहा, शॉर्ट असो की जास्त.

खिशातून भरून गप्प बसणंही नको. पहिल्या महिन्यात थोडाफार फरक येतो हे प्रत्येक मॅनेजर जाणतो. तुमच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं असेल तर पगारातून कपात करायची मुभा कायद्यात आहे, पण तुमचं म्हणणं ऐकून घेतल्यावरच. दुसऱ्याने तुमचा ड्रॉवर वापरला असेल तर ते त्याच रात्री, लेखी सांगा.

आता वही काढा. तारीख, फरक, कारण सापडलं की नाही, आणि तेव्हा गर्दी किती होती. तीन-चार आठवड्यांत तुमचा स्वतःचा नमुना दिसू लागतो. कुणाचा फरक नेहमी १ ते १० तारखेच्या पगारी गर्दीत येतो, कुणाचा शेवटच्या अर्ध्या तासात, घरी जायची घाई असताना.

११. अभ्यास आणि शरीर

आठवड्याला वीस तासांच्या वर गेलात की अभ्यास मागे पडायला लागतो, हे साधारण गणित. परीक्षेचं वेळापत्रक लागलं की त्याच दिवशी मॅनेजरच्या हातात द्या. काउंटरखाली पुस्तक ठेवून वाचणं जमत नाही, तो नाद सोडा. पायाखाली जाड रबरी मॅट मागा, स्कॅनर उजव्या-डाव्या हाताने आलटून पालटून धरा.

१२. काउंटरपलीकडे काय शिकता येतं

सहा महिन्यांनी काउंटरवरचं नवं शिकणं जवळजवळ थांबतं. तिथे समाधानी राहिलात तर पुढची दोन वर्षं तेच. मॅनेजरला आठवड्यातली एक शांत दुपार मागा आणि मागच्या खोलीत बसा: माल आला की त्याची नोंद कशी होते, पुरवठादाराचं बिल कसं तपासतात, आधी संपणारा माल पुढे कसा लावतात, स्टॉकची मोजदाद कशी होते.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना तर बिलाचा खालचा भागच पाठ्यपुस्तक आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक मालावर जीएसटीचे ५ आणि १८ टक्के हे दोनच मुख्य टप्पे उरले. १८ टक्क्यांची वस्तू २३६ रुपयांना असेल तर कर किती? २३६ चे १८ टक्के काढले तर ४२.४८ येतात, ते चूक. २३६ ला १.१८ ने भागायचं, मूळ किंमत २००, कर ३६, त्यात केंद्राचे १८ आणि राज्याचे १८. रोज दोन बिलं अशी उलटी सोडवा. नंतर टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर शिकताना नोंदी कुठून येतात हे वेगळं समजवावं लागत नाही.

पुढच्या पायऱ्या साधारण अशा: हेड कॅशिअर, फ्लोअर सुपरवायझर, नाहीतर दुकानाच्या हिशोब विभागात. रिटेलर्स असोसिएशन्स स्किल कौन्सिल ऑफ इंडियाच्या अभ्यासक्रमांत कॅशिअरचं प्रमाणपत्र आहे. नोकरीमुळे नियमित कॉलेज जमेनासं झालं तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण करता येते. शिक्षण सोडून पूर्णवेळ शिफ्ट घेण्याचा मोह पहिल्या बोनसनंतर होतोच. हा निर्णय दिवाळीच्या गर्दीत घेऊ नका.

बायोडेटात ‘कॅशिअर म्हणून काम केले’ एवढंच लिहिणं वाया जातं. रोज सरासरी किती बिलं, किती रकमेची रोख हाताळली, कोणतं सॉफ्टवेअर, किती नव्या मुलांना शिकवलं, हे लिहा. आकडे वहीत असतातच.

१३. सोडताना

नोटीस लेखी द्या, एक प्रत स्वतःकडे ठेवा. अनुभवपत्रात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पद, रोजचे तास आणि सही-शिक्का हवा. पीएफ कापला असेल तर यूएएनला तुमचाच मोबाइल नंबर जोडलेला आहे ना, ते सुटण्याआधी बघा. नंतर दुरुस्ती करायला त्याच दुकानाच्या फेऱ्या माराव्या लागतात. शेवटच्या रात्रीचा गल्ला जुळवून त्याच्या तक्त्यावर सुपरवायझरची सही घ्या आणि तुमचं लॉगिन तुमच्यासमोर बंद करून घ्या. चालू राहिलं तर दुसऱ्या दिवशी त्यावर कुणीतरी बिलं मारतंच.